हौशी म्हणजे कच्चा नव्हे



गेल्या पालकसभेत सातवीतल्या एका मुलीची आई मला म्हणाली, "सर, ही रोज संध्याकाळी तासभर तबला वाजवते. हौस आहे, ठीक आहे. पण यातून पुढे काय मिळणार? आठवीपासून बंद करायचं म्हणतोय आम्ही." मी "बघू या" असं काहीतरी पुटपुटलो आणि पुढच्या पालकांकडे वळलो. खरं सांगायचं तर मला उत्तर सुचलं नाही. आज ते उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. त्यासाठी थोडं लांब, अमेरिकेत जावं लागेल. तेही गोल्फच्या मैदानावर!

आपल्यापैकी बहुतेकांनी गोल्फ फक्त टीव्हीवर पाहिला असेल, म्हणून आधी दोन ओळी खेळाविषयी. काठीने चेंडू मारत मारत तो दूरच्या छोट्या खड्ड्यात घालायचा. असे 18 खड्डे, म्हणजे होल, झाले की एक फेरी पूर्ण. ज्याचे फटके कमी, तो जिंकला. काठ्यांची जड पिशवी उचलून खेळाडूबरोबर चालणारा जो मदतनीस असतो, त्याला कॅडी म्हणतात.

सप्टेंबर 1913. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रुकलाईन नावाचं गाव आहे. तिथल्या 'द कंट्री क्लब'मध्ये यूएस ओपन ही मोठी स्पर्धा होती. इंग्लंडहून दोन नामांकित व्यावसायिक खेळाडू आले होते. एक हॅरी व्हार्डन, तोपर्यंत पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेला. दुसरा टेड रे, आदल्याच वर्षीचा ब्रिटिश ओपन विजेता. यांच्यापैकीच कोणीतरी जिंकणार, असं सगळे धरून चालले होते.

त्या क्लबच्या समोरच, रस्त्यापलीकडे, एक साधं घर होतं. तिथे राहणारा फ्रान्सिस विमेट वीस वर्षांचा होता. वडील माळीकाम करायचे आणि त्यांना हा खेळ पसंत नव्हता. फ्रान्सिस लहानपणी याच क्लबात कॅडी होता. हरवलेले चेंडू शोधून ठेवायचा. घरामागच्या मोकळ्या जागेत त्याने आणि भावाने स्वतःच छोटंसं मैदान तयार केलं होतं. पुढे शाळा सोडून तो नोकरीला लागला आणि खेळाच्या सामानाच्या दुकानात काम करू लागला. गोल्फवर त्याचं पोट चालत नव्हतं. स्पर्धेच्या भाषेत तो 'हौशी' खेळाडू होता.

दोन दिवसांत चार फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत फ्रान्सिस मागे पडला होता, पण अखेरच्या सहा होलमध्ये त्याने दोन फटके वाचवले आणि बरोबरी साधली. व्हार्डन, रे आणि विमेट, तिघांचेही 304 फटके! निकालासाठी 20 सप्टेंबरला तिघांची आणखी एक फेरी झाली. विमेट 72, व्हार्डन 77, रे 78. यूएस ओपन जिंकणारा तो पहिला हौशी खेळाडू ठरला.

ही गोष्ट वर्गात सांगायला आपल्याला आवडेल. पण आपण ती कशी सांगतो? "गरीब मुलाने चमत्कार केला," असं म्हणून मोकळे होतो. माझा आक्षेप इथेच आहे. चमत्कार म्हटलं की त्यामागची दहा-बारा वर्षं पुसली जातात. ज्या मैदानावर सामना होता, तिथला चढउतार त्याने पिशव्या वाहताना पायाखाली घातला होता. चांगले खेळाडू काठी कशी धरतात, कुठे थांबतात, कुठे चुकतात, हे त्याने जवळून पाहिलं होतं. त्याच वर्षी त्याने आपल्या राज्याची हौशी स्पर्धाही जिंकली होती. तो नवखा नव्हता. फक्त त्याच्या तयारीची दखल कुणी घेतली नव्हती.

आपण 'हौशी' हा शब्द किती सहज वापरतो बघा. "हौस म्हणून करतो हो" म्हणजे "फार मनावर घेऊ नका". आपल्या राज्य नाट्य स्पर्धेच्या नावातही 'हौशी' आहे. दिवसभर कचेरी, शाळा, बँक सांभाळून रात्री तालमी करणाऱ्या कलाकारांना विचारा, हौस म्हणजे काय ते. पोटासाठी करत नाही एवढाच त्याचा अर्थ. कसंतरी करतो असा अर्थ त्यात कुठेच नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर गोष्ट अर्धीच राहील. त्या काळी 'हौशी' हा शब्द काही निव्वळ गोड नव्हता. ज्यांच्या घरी पैसा होता, त्यांनाच बहुधा पैसे न घेता खेळणं परवडायचं. उलट पैसे घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिकांना क्लबच्या मुख्य इमारतीत अनेक ठिकाणी प्रवेशही नव्हता. व्हार्डन स्वतः गरीब घरातला, माळ्याचाच मुलगा. यूएस ओपनच्या वेळी व्यावसायिकांना क्लबची दारं उघडली गेली ती 1920 मध्ये, ओहायोतल्या टोलीडोच्या इन्व्हर्नेस क्लबने. खुद्द विमेटलाही या नियमांचा चटका बसला. त्याने खेळाच्या सामानाचा व्यवसाय सुरू केला म्हणून 1916 मध्ये संघटनेने त्याचा हौशी दर्जा काढून घेतला. तो परत मिळाला 1918 मध्ये. म्हणून मुलांना "पैसे घेणारा वाईट, न घेणारा थोर" असं शिकवू नका. व्हार्डन हा या गोष्टीतला खलनायक नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करू या. विमेटनंतर आणखी चारच हौशी पुरुषांनी यूएस ओपन जिंकली. त्यांपैकी बॉबी जोन्सने तर चार वेळा! शेवटचा विजय 1933 मध्ये जॉनी गुडमनचा. त्यानंतर एकही नाही. स्त्रियांच्या यूएस ओपनमध्ये 1967 साली फ्रान्सच्या कॅथरीन लाकोस्तने हे करून दाखवलं, पण तिचे वडील टेनिसचे विजेते आणि आई स्वतः गोल्फची विजेती होती. तेव्हा "तूही एक दिवस सगळ्यांना हरवशील" असं आश्वासन मी त्या तबला वाजवणाऱ्या मुलीला देणार नाही. ते खोटं ठरण्याची शक्यताच जास्त.

मग या गोष्टीतून घ्यायचं काय?

मला विचाराल तर एडी लाऊरी. हा विमेटचा कॅडी. वय वर्षं दहा! आता शिक्षक म्हणून सांगायला जरा अवघड वाटतं, पण हा पठ्ठ्या शाळा बुडवून आला होता. (वर्गात सांगताना हे वाक्य हळू आवाजात सांगा!) बरोबरी झाल्यावर एका परिचिताने विमेटला सुचवलं, उद्या एवढा मोठा सामना आहे, या पोराऐवजी मी तुझी पिशवी घेतो. सल्ला व्यवहारी होता. विमेटने एडीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. विमेटने नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी एडीच त्याच्याबरोबर चालला.

"यातून काय मिळणार?" हा प्रश्न त्या क्षणी विमेटनेही विचारता आला असता. त्याने विचारला नाही. ज्याने दोन दिवस मनापासून साथ दिली, त्याच्यावर तिसऱ्या दिवशीही विश्वास ठेवला. आपल्या हातात नेमकं एवढंच असतं, नाही का? मूल जिंकेल की नाही हे आपण ठरवू शकत नाही. त्याच्या हातातली पिशवी काढून घ्यायची की नाही, हे मात्र आपणच ठरवतो.

विमेटने पुढे गोल्फचा पेशा केला नाही. तो आर्थिक व्यवसायात नोकरी करत राहिला आणि खेळतही राहिला. 1914 नंतर तब्बल सतरा वर्षांनी, 1931 मध्ये, त्याने पुन्हा अमेरिकेची हौशी स्पर्धा जिंकली. आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, 1949 मध्ये त्याच्या नावाने एक शिष्यवृत्ती निधी सुरू झाला. गोल्फच्या मैदानांवर काम करणाऱ्या मुलांना कॉलेजच्या शिक्षणासाठी तो मदत करतो. शाळा सोडाव्या लागलेल्या मुलाच्या नावाने आज मुलं शिकतात. अभ्यास आणि छंद एकमेकांचे वैरी आहेत, असं आपण कुठल्या आधारावर म्हणतो?

पालकांनो, दोन टोकं टाळा. हौस दिसली की लगेच महागडा क्लास, स्पर्धा आणि प्रमाणपत्रं, हे एक टोक. दहावी जवळ आली की सगळं एका फटक्यात बंद, हे दुसरं. मधला रस्ता साधा आहे. वेळ ठरवून द्या, जागा द्या, आणि आठवड्यातून एकदा दहा मिनिटं नुसतं शेजारी बसून ऐका. जे करायचं ते नीट करायचं, एवढा आग्रह जरूर धरा.

शिक्षक मित्रांनो, ही गोष्ट सांगून झाली की मुलांना तीन प्रश्न विचारा. विमेटच्या विजयाची तयारी कधी सुरू झाली? एडीच्या जागी तुम्ही असता तर काय वाटलं असतं? आणि कुणी बक्षीस देणार नसेल तरी तुम्ही रोज काय कराल? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वहीत लिहून घ्या. प्रगतिपुस्तकातल्या 'आवड' या रकान्यात आपण वर्षानुवर्षं "वाचन, खेळ" असं जे ठोकळेबाज लिहितो, त्याऐवजी यंदा ती उत्तरं लिहू या.

त्या आईला मी उद्या फोन करणार आहे. सांगणार आहे, "ताई, काय मिळेल ते मला माहीत नाही. पण एक तास आहे, तो राहू द्या."

तुमच्या वर्गात असं कोण आहे? जरूर कळवा.