दोन पायडल अन् एकाच बाजूची झीज



सोयाबीन काढणीला आलंय. आठ-पंधरा दिवसांत चारठाण्याहून जिंतूरच्या मोंढ्याकडं ट्रॉल्यांची रांग लागेल. भाव काय मिळंल ते पुढं बघू, आधी ब्रेकचं बोलू. इंजिन ऑईल सगळेच बदलतात, ब्रेक मात्र कोणी उघडून बघत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या दोन चाकांनाच, डाव्याला वेगळा, उजव्याला वेगळा. धुऱ्यावर वळताना एकच पायडल दाबायचं, आतलं चाक थांबतं अन् ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. सोय चांगली हाय. पण वाटोळी नांगरट करणाऱ्याचं वळण कायम एकाच हाताला. त्याच बाजूच्या डिस्क झिजत राहतात, दुसऱ्या बाजूच्या नव्यासारख्या. रानात हे कळत नाही. डांबरीवर दोन्ही पायडलची पट्टी जोडून एकदम दाबलं की एक चाक आधी धरतं, दुसरं मागं राहतं. ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो, अन् मागून भरलेली ट्रॉली रेटते. ट्रॉलीला बहुतेक स्वतःचा ब्रेक नसतोच. उतारावर ट्रॅक्टर आडवा व्हायला येवढं पुरतं.

पावसाळ्याचं वेगळंच. ज्यांचे ब्रेक कोरडे आहेत (तेलात बुडालेले नाहीत) त्यांच्यात चिखलपाणी शिरतं, अन् उभ्या ट्रॅक्टरला गंज धरतो. आतल्या दोन पाट्यांमधी लोखंडी गोळ्या असतात, त्यांच्या खाचा गंजल्या की एक बाजू अडकते; ब्रेक सोडला तरी घासत राहतो. मागच्या चाकाला डिस्क असलेल्या कारचंही असंच. ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर पडतो, मागच्या डिस्कला काम कमी, म्हणून गंज पुसला जात नाही. कार महिनाभर दारात उभी राहिली की चट्टे पडलेच, अन् कॅलिपरची पिन जाम असंल तर डिस्कची एकच बाजू खाल्ली जाते.

माझं स्पष्ट मत: ढिल्या बाजूचा नट आवळून देणं म्हणजे दुरुस्ती नव्हं. पायडल तेवढं वर येतं, झीज आत तशीच. लायनर बदलायचे तर दोन्ही बाजूचे एकदमच बदला. मिस्त्री म्हणंल "एकच खराब हाय, कशाला खर्च", तरी ऐकू नका. एक नवी अन् एक जुनी म्हणजे पुन्हा तोच फरक. आवळूनही एक बाजू धरत नसंल तर ऑईल सील गळून डिस्कला तेल लागलंय का ते आधी बघायला सांगा. तेलात बुडालेल्या ब्रेकला गंजाची भीती कमी, पण झीज त्यालाही चुकत नाही.

दोन्ही पायडलची मोकळी चाल सारखी पाहिजे, किती ते कंपनीच्या पुस्तकात दिलंय. प्रेशरनं ट्रॅक्टर धुतला की लगेच उभा करू नका, जरा चालवून चार-पाच वेळा हलका ब्रेक मारा, आतलं पाणी उडतं.

अन् तपासायचं असं: कोरडं, सपाट, मोकळं मैदान. पट्टी जोडलेली, वेग कमी. ब्रेक दाबून उतरा अन् दोन्ही चाकांच्या खुणा बघा. एक लांब अन् एक आखूड दिसली तर मोंढ्याच्या आधी मिस्त्रीकडं. हे करताना मागं ट्रॉली नको, अन् मडगार्डवर पोरगं तर अजिबातच नको.