डीजेनं कापलेलं शेवटचं कडवं

जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर वाजणारं भीमगीत एकदा नीट ऐका. धृपद येतं, फार तर एखादं कडवं येतं आणि मग नुसता ठोका सुरू होतो. शेवटचं कडवं येतच नाही. आपल्या लोककवींची नावं मात्र त्याच कडव्यात असतात. वामनदादा कर्डक गाण्याच्या शेवटी ‘वामन’ अशी सही करायचे. ते कडवं कापलं की सही पुसली जाते आणि गाणं बेवारस होतं.

ही सही त्यांना सहज मिळाली नव्हती. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावात जन्मलेल्या या माणसाला लहानपणी शाळा मिळाली नाही. मुंबईत पडेल ते काम करत असताना कुणीतरी पत्र वाचायला दिलं. ते वाचता आलं नाही. ती लाज मनाला लागली आणि ते अक्षरं शिकले. १९४३ मध्ये पहिलं गीत लिहिलं. तिथून २००४ मध्ये डोळे मिटेपर्यंत हजारो गाणी रचली आणि गावोगाव फिरून गायली. वर्ध्याला १९९३ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशानं जी वाट पाडली, ती वामनदादांनी वस्तीवस्तीत नेली. जळकोट, मुखेड, कंधारकडच्या आपल्या वस्त्यांत पुस्तकं पोचायच्या आधी पेटी-ढोलकीवरची गाणी पोचली. आपल्या आज्यांना महाडचं तळं, पुणे करार, धम्मदीक्षा कुणी सांगितली? त्यांच्या हातात ‘बहिष्कृत भारत’ कधी आला नव्हता. त्यांनी हे सगळं रात्रभर जागून ऐकलं. नामांतराच्या १९७८ ते १९९४ या सोळा वर्षांतही गाण्यानंच माणसं धरून ठेवली.

काही तरुण म्हणतील, बाकीच्यांच्या मिरवणुकीत डीजे चालतो, मग उपदेश आम्हालाच का? प्रश्न रास्त आहे. नाचण्यावर माझा आक्षेप नाही. ज्यांना कालपर्यंत रस्त्यावरून ताठ मानेनं चालू दिलं नाही, त्यांनी त्याच रस्त्यावर नाचावं. पण ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी खोडला, त्यांनी आपल्याच हातानं आपल्या कवीचं नाव खोडावं, हे मला पटत नाही.

म्हणून जळकोट तालुक्यातल्या प्रत्येक जयंती समितीपुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, वर्गणीतला थोडा वाटा काढून बुद्धविहारासमोर एक रात्र गायन पार्टीला द्या. तिथं गाणी पूर्ण होऊ द्या. दोन, गाणं लावण्याआधी कवीचं नाव माईकवरून सांगा. तीन, गावातल्या जुन्या गायकांकडे मोबाईल आणि वही घेऊन जा. पूर्ण गाणं रेकॉर्ड करा, शब्द उतरवून घ्या, गायकाचं नाव, गाव आणि तारीख लिहा. दरवर्षी एखादा म्हातारा गायक जातो आणि कागदावर कधीच न आलेली गाणी त्याच्यासोबत जातात.

अक्षरं शिकून वामनदादांनी आपलं नाव गाण्यात लिहिलं. आपण तर शिकलेले आहोत. ते नाव ऐकू येईपर्यंत गाणं बंद करू नका.

जय भीम!