मोफत ब्राउझरची वही

खासगीपणा हा शहरी सुखवस्तूंचा चोचला, असे आपलेच काही कार्यकर्ते मानतात. वसमतचा शेतकरी मोबाईलच्या ब्राउझरवर हळदीचा भाव वा पीककर्ज शोधतो, तेव्हा त्याची नड दूरच्या कंपनीच्या दप्तरी नोंदली जाऊ शकते. अशाच नोंदींवर जाहिराती विकल्या जातात. सावकाराच्या वहीविरुद्ध आपण लढलो. ही वही तर ऋणकोला दिसतही नाही! २०२० साली सरकारने राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने चिनी यूसी ब्राउझरवर बंदी घातली. पण क्रोमच्या ‘इन्कॉग्निटो’ खिडकीतून जमलेल्या नोंदी नष्ट करण्याचे गूगलने २०२४ मध्ये कबूल केले, ते अमेरिकेतील नागरिकांनी दावा लावल्यामुळे. आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या कायद्याने मात्र शासनाला स्वतःच्या यंत्रणा त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याची मुभा दिली. ही मुभा आधी रद्द झाली पाहिजे.