दारू चालू, बाई बंद!

डान्सबारचा विषय निघाला की आपल्या चळवळीतील बरेच कार्यकर्ते आजही एका वाक्यात निकाल देऊन मोकळे होतात : बंदी योग्यच होती, बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या बायांना हेच तर सांगितले होते! हे वाक्य इतक्या सभांमधून ऐकले आहे, की एकदा त्याची उलटतपासणी घेणे भाग आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. जुलै 2005 मध्ये विधिमंडळाने मुंबई पोलीस अधिनियम, 1951 मध्ये 33अ आणि 33ब ही दोन कलमे घातली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एक झाले. तरुण पिढी बरबाद होते आहे, स्त्रीच्या प्रतिष्ठेला धक्का बसतो आहे, असे तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील सांगत होते. 15 ऑगस्ट 2005 पासून ग्रँट रोड, फोर्टपासून थेट पनवेलपर्यंत बारमधील नाच बंद झाला. सरकारच्या दप्तरी परवाना असलेले डान्सबार होते 345. त्यांत काम करणाऱ्या महिलांची संख्या त्यांच्या संघटना 75 हजार सांगत होत्या.

पण बंद झाले ते नेमके काय? परमिट रूमचा परवाना शाबूत राहिला. मालकाचा गल्ला शाबूत राहिला. दारूवरचा कर सरकारच्या तिजोरीत येतच राहिला. तरुण पिढी बरबाद होते ती दारूने की नाचाने, हा प्रश्न सभागृहात कोणाला पडला नाही. कित्येक मालकांनी 'ऑर्केस्ट्रा बार' अशी नवी पाटी लावली आणि धंदा पुढे चालवला. रस्त्यावर आली ती नाचणारी बाई. तिच्यामागोमाग तिचे कपडे शिवणारा, तिला पहाटे घरी सोडणारा रिक्षावाला आणि गावाकडे तिच्या मनिऑर्डरीची वाट पाहणारे म्हातारे आईबाप. त्या दोन कलमांत शिक्षा होती, दंड होता, पण पुनर्वसनाचा एक शब्द नव्हता.

आणि 33ब ने काय केले? तीन तारांकित व त्यावरची हॉटेले, जिमखाने, क्लब यांना बंदीतून वगळले! म्हणजे तीच बाई, तेच गाणे, तोच नाच. गिऱ्हाईक गाडीतून आले तर ती संस्कृती आणि पर्यटन, लोकलने आले तर अश्लीलता. मनूने एकाच गुन्ह्याला वर्ण पाहून वेगवेगळी शिक्षा सांगितली होती. आमच्या पुरोगामी विधिमंडळाने हॉटेलचे तारे मोजून सांगितली.

12 एप्रिल 2006 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद 14 व 19(1)(छ) यांवर बोट ठेवून ही बंदी घटनाबाह्य ठरवली. 16 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि कायद्याचा परिणाम उलटाच झाला, अनेकींना पोटासाठी शरीरविक्रय करावा लागला, असेही नमूद केले. यावर सरकारने काय करावे? 2014 मध्ये श्रीमंतांची सवलत तेवढी काढली आणि बंदी पुन्हा आणली! समतेचा असा अर्थ लावणारे सरकार विरळाच. 2015 मध्ये तिला स्थगिती मिळाली, 2016 मध्ये नवा कायदा आला, 17 जानेवारी 2019 रोजी त्याच्याही अनेक अटी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या.

आता बाबासाहेबांकडे येऊ. 16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, पोतराज यांची सभा झाली. येवल्याच्या धर्मांतर घोषणेला पाठिंबा देण्यासाठी ही माणसे जमली होती. बाबासाहेबांचे शब्द तिथे कडक होते, हे लपवण्याचे कारण नाही. हे लाजिरवाणे जिणे सोडा, इतर स्त्रियांप्रमाणे संसार करा, असे त्यांनी बजावले. पण बोलले कोणाशी? पोलीस कमिशनरशी नव्हे, त्या बायांशी! समोर उभे राहून, आपल्या समाजाच्या लेकी समजून. ज्या धर्माने त्यांना देवाच्या नावाने सोडले, तो धर्मच सोडण्याची वाट त्यांच्यापुढे होती. मागचे दार बंद करताना पुढचे दार उघडे ठेवणे याला चळवळ म्हणतात. 2005 मध्ये फक्त मागचे दार बंद झाले आणि बाहेर पोलीस उभा राहिला.

दुसऱ्या बाजूच्या विद्वानांचेही मला पटत नाही. बारमध्ये नाचणे ही त्या महिलांची मुक्त निवड होती, असे काहींनी लिहिले. बेडिया, नट, कंजर अशा जमातींतल्या किती मुली या बारमध्ये होत्या, हे त्यांनी पाहिले नाही काय? मुलगी जन्मली की तिचा धंदा ठरतो, तिथे निवड कसली? उच्चवर्णीय घरातली मुलगी नृत्य शिकते तेव्हा तिच्या अरंगेत्रमला पाहुणे येतात. नटाच्या मुलीचा नाच पाहायला गिऱ्हाईक येते. हा फरक जातीचा आहे. तो बारमालकाने निर्माण केला नाही, पण त्यावर पैसा मात्र त्याने केला.

म्हणून मला या प्रश्नाकडे कामगाराचा प्रश्न म्हणून पाहावेसे वाटते. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी खाणीत राबणाऱ्या बाईच्या प्रसूती लाभाचा कायदा सुधारला, तो ती कामगार आहे हे धरूनच. बंदीनंतरच्या काळात अशा काही महिला माझ्याकडे सल्ल्याला आल्या. आठ-आठ, दहा-दहा वर्षे एकाच बारमध्ये काम केलेल्या. थकलेल्या पैशांचा दावा लावायचा तर नोकरीचा पुरावा हवा. नेमणूकपत्र नाही, पगारपावती नाही, हजेरी नाही. एकीकडे एकच कागद निघाला, ज्यावर तिचे आणि बारचे नाव एकत्र होते. तो छाप्यानंतरचा पोलिसांचा एफआयआर होता.

2019 च्या निकालात गाजली ती रात्री साडेअकराची वेळ आणि नोटा उधळण्याची मनाई. पण लेखी करार असावा आणि मोबदला बँक खात्यात जमा व्हावा, ही अट न्यायालयाने उचलून धरली, तिची चर्चा कोणी केली नाही. 18 फेब्रुवारी 2022 रोजी ऑर्केस्ट्रा बारमध्ये चारच स्त्रिया असाव्यात, ही अटही सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. म्हणजे बाईच्या कामाचा हक्क कागदावर आला आहे. आता करार कोण तपासणार? पोलीस तारखेला छापा घालतात, पेपरात 'इतक्या बारबालांची सुटका' असा मथळा येतो. सुटका करून त्यांना कुठे नेले, हे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नसते.

माहितीच्या अधिकाराचा कायदाही 2005 चाच आहे. आपल्या जिल्ह्यातील वकील मित्रांनी पोलीस आयुक्तालयात आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात एकेक अर्ज टाकावा : 2019 नंतर किती बारमधील महिलांचे लेखी करार तपासले, किती मालकांवर करार नसल्याबद्दल कारवाई झाली, आणि छाप्यात 'सुटका' झालेल्या किती जणींना दुसरे काम मिळवून दिले? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.