पिल्लू म्हणजे पार्सल नव्हे



गेल्या महिन्यात शिरूर तालुक्यातल्या आमच्या न्हावऱ्याच्या एका शेजाऱ्याबरोबर मी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर गेलो होतो. फोनवर फोटो बघून त्याच्या पोरांनी दिल्लीहून लॅब्राडोरचं पिल्लू मागवलं होतं. मालाच्या गोदामातून हमालाने एक खोका आणून आमच्या पुढ्यात ठेवला. आत ओलीचिंब रद्दी, जाळीला दोरीने बांधलेली पाण्याची वाटी, तीही कोरडी ठाक. पिल्लू कोपऱ्यात पडलेलं. पोट खपाटीला गेलेलं, कुंई करायचंही बळ नाही. चौथ्या दिवशी त्याला रक्ताची हगवण लागली, सहाव्या दिवशी पोरांनी त्याला बांधाला पुरलं. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचा जबडा उघडून दाखवला होता. मागच्या दाढा अजून हिरडीतच होत्या. विकणाऱ्याने 45 दिवसांचं म्हणून विकलेलं ते पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचं होतं.

मुक्या जिवाचे हाल करू नयेत, हे तुम्हाला शिकवायला मी पत्रक काढलेलं नाही. पोळ्याला बैलाच्या पाया पडणारी माणसं आपण. मला बोलायचंय ते फक्त ‘घरपोच पिल्लू’ या रीतीबद्दल. त्याची आई बघायची नाही, जागा बघायची नाही, फोनवरून पैसे टाकायचे आणि दूधपित्या जिवाला मालात बुक करायला सांगायचं.

आधी ते ‘45 दिवस’ बघा. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे 2017 चे नियम सांगतात की आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचंच नाही. आठ आठवडे म्हणजे 56 दिवस. म्हणजे विकणारा जाहिरातीतच नियम मोडल्याचं कबूल करतो, आणि आपण त्याला विचारतो, ‘शेवटचे किती?’ त्या मधल्या 11 दिवसांत पिल्लू भावंडांशी खेळता खेळता दात किती जोराने लावायचे ते शिकतं. आईच्या दुधातून मिळालेली ताकद ओसरत असते आणि पहिली लस जेमतेम टोचायला आलेली असते. नेमकं तेव्हा त्याला अनोळखी गोदामात टाकायचं! पार्वो हा रक्ताच्या हगवणीचा रोग लागल्यापासून दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. तोवर पैसे पोचलेले असतात आणि विकणारा म्हणतो, ‘माझ्याकडून तर ठणठणीत गेलं.’

‘विमानाला दोनच तास लागतात हो,’ असं मला चार जणांनी ऐकवलं. विमानाचे तास कशाला मोजता, पिल्लाचे मोजा. पहाटे आईपासून तोडलं, विमान सुटायच्या कितीतरी आधी गोदामात दिलं, मग धावपट्टीवरचं ऊन, मग पुन्हा गोदाम, मग वाघोलीची कोंडी. न्हावऱ्याला पोचेपर्यंत त्या पिल्लाचे 15 तास झाले. जनावरांच्या वाहतुकीचे 1978 चे नियम म्हणतात, लांबच्या प्रवासात पिल्लाला दर चार तासांनी खायला घाला. विमानाच्या पोटात जाऊन कोण घालणार? एवढ्याशा जिवाच्या अंगात साखरेचा फारसा साठा नसतो. उपाशी राहिलं की ते थरथरतं, त्याला झटके येतात. चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं तर विचारूच नका. अमेरिकेत मे 2005 पासून पाच वर्षांत विमानप्रवासात 122 कुत्री मेल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतली सुमारे निम्मी पग, बुलडॉग अशा आखूड नाकाची. आणि तीच पिल्लं आपल्याकडे हौसेने मागवली जातात, तीही पारा चाळिशी ओलांडतो त्या दौंडच्या उन्हाळ्यात.

‘कोंबड्या नाही का टेम्पोतून जात?’ जातात, आणि तेही वाईटच. एकीचे हाल होतात म्हणून दुसऱ्याचे करायला परवाना मिळतो का?

‘बिबट्या आहे, राखणीला दांडगं कुत्रं नको?’ हा प्रश्न मात्र मी झटकणार नाही. पिंपरखेडने 2025 मध्ये बिबट्यापायी जे सोसलं, ते आपल्या शिरूर तालुक्यात कुणीच विसरलेलं नाही. पण शेजारच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. उसाच्या कडेला साखळीने बांधलेलं कुत्रं, मग ते कितीही महागाचं असो, बिबट्याला आयतं वाढलेलं ताट आहे. राखण हवी असेल तर दिवे लावा, गोठ्याला जाळी मारा, कुत्रं रात्री आत घ्या.

कायद्याच्या भरवशावर राहाल तर ऐका: 1960 च्या प्राणी-क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. एका पिल्लाच्या किमतीत असे किती दंड भरता येतील, ते तुम्हीच बघा. म्हणून ही रीत बंद पाडणं गिऱ्हाइकाच्याच हातात आहे. पिल्लू हवं तर स्वतः जा. त्याची आई दाखव म्हणा. टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा. 56 दिवस भरू द्या, लसीचा कागद हातात घ्या, आणि पिल्लू मांडीवर घेऊन या. गावठी किंवा कारवान पिल्लू तर चार वाड्या पालथ्या घातल्या की आपल्याकडेच मिळेल, आपल्या उन्हाला सरावलेलं.

तो खोका अजून माझ्या गोठ्यात आहे. आतल्या बाजूला नखांचे ओरखडे आहेत, जाळीपाशी जास्त. न्हावऱ्याला कुणालाही विचारा, माझं घर दाखवतील.

— न्हावऱ्याचा एक शेतकरी