शेवटचा गडी : बेब रूथ

येत्या 10 ऑक्टोबरला बेसबॉलमधल्या एका नकोशा विक्रमाला शंभर वर्षे पूर्ण होतील. अमेरिकी बेसबॉलच्या अजिंक्यपदाची वर्ल्ड सिरीज 1903 मध्ये सुरू झाली. बेस चोरताना गडी बाद झाला आणि त्यावरच अख्खी मालिका संपली, असे आजवर एकदाच घडले आहे. तो गडी कोणी नवखा पोरगा नव्हता, बेसबॉलचा गाजलेला फटकेबाज, खुद्द यांकीजचा बेब रूथ होता.

बेस चोरणे हा या खेळातला रीतसर डाव. पिचर चेंडू टाकू लागला की पहिल्या बेसवरच्या गड्याने नव्वद फूट जीव तोडून पळायचे आणि दुसरा बेस गाठायचा. कॅचरने चेंडू झेलून सुमारे 127 फुटांवरच्या त्या बेसकडे फेकायचा आणि तिथल्या खेळाडूने पळणाऱ्याला तो टेकवायचा. तीन-चार सेकंदांचा मामला. क्रिकेटमधल्या चोरट्या धावेचे जे होते तेच इथेही होते: साधली तर चलाखी, फसली तर अक्कल काढली जाते.

1926 च्या त्या रविवारी न्यू यॉर्क यांकीज आणि सेंट लुईस कार्डिनल्स तीन-तीन सामने जिंकून यांकी स्टेडियमवर समोरासमोर होते. नववी, म्हणजे शेवटची इनिंग. यांकीज 3-2 असे एका धावेने मागे, दोन गडी बाद. चेंडू कार्डिनल्सच्या 39 वर्षांच्या ग्रोव्हर क्लीव्हलंड अलेक्झांडरच्या हाती. आदल्याच दिवशी पूर्ण सामना टाकून जिंकून दिलेला हा म्हातारा गडी सातव्या इनिंगमध्ये पुन्हा मैदानात उतरला होता आणि तिन्ही बेस भरलेले असताना त्याने यांकीजच्या टोनी लॅझेरीला परत पाठवले होते. रूथला टाकलेला त्याचा चौथा चेंडूही मात्र मारण्याच्या टप्प्याबाहेर गेला आणि नियमाप्रमाणे रूथला पहिला बेस आपसूक मिळाला. पुढचा फलंदाज बॉब म्यूझल, त्याच्यामागे लू गेरिग. आणि रूथ पळत सुटला. कॅचर बॉब ओ'फॅरेलची फेक थेट खेळाडू-मॅनेजर रॉजर्स हॉर्न्सबीच्या हातमोज्यात आली, हॉर्न्सबीने चेंडू टेकवला आणि कार्डिनल्स पहिल्यांदाच जगज्जेते झाले.

रूथने मैदानावर केलेला हा एकमेव मूर्खपणा, असे यांकीजचे कारभारी एड बॅरो म्हणत असल्याचे सांगतात. शंभर वर्षे हाच शेरा चालत आला आहे. आम्हाला तो मान्य नाही.

जरा हिशेब मांडू. अलेक्झांडर आल्यापासून यांकीजला एकही यशस्वी फटका मारता आला नव्हता. पहिल्या बेसवरून धाव काढायची तर बहुधा दोन फटके तरी हवेत किंवा एक चांगला लांबचा. दुसऱ्या बेसवरून एका साध्या फटक्यातही बरोबरी होऊ शकते. रूथ अंगाने भारी असला तरी बेस चोरणे त्याला नवे नव्हते. याच मालिकेत त्याने एक बेस चोरला होता. त्या हंगामात मात्र अकरा वेळा त्याला ते जमले आणि नऊ वेळा तो पकडला गेला. म्हणजे जोखीम खरीच मोठी होती, आणि गेरिग-म्यूझलसारखे फलंदाज बाकी असताना थांबायला हवे होते, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. पण जोखीम म्हणजे मूर्खपणा नव्हे.

मुळात सामना हातचा गेला तो चौथ्या इनिंगमध्येच. यांकीज तेव्हा 1-0 ने पुढे होते. शॉर्टस्टॉप मार्क कीनिगच्या हातून जमिनीवरून आलेला चेंडू निसटला. पाठोपाठ म्यूझलने एक सोपा उंच झेल टाकला. त्या इनिंगमध्ये कार्डिनल्सने तीन धावा लुटल्या आणि त्या तेवढ्याच त्यांना पुरल्या. ज्याचा झेल सुटला तो फलंदाज ओ'फॅरेल, पुढे रूथला टिपणारा तोच कॅचर. आणि ज्याने झेल टाकला तो म्यूझल, रूथ पळाला तेव्हा बॅट घेऊन उभा असलेला तोच. एवढे सगळे एका दुपारी घडले, पण लोकांच्या लक्षात राहिली ती शेवटची धाव.

शेवटच्या चेंडूवर बाद होणाऱ्याच्या माथी अख्खा पराभव मारण्याची खोड आपल्यालाही आहे. 2019 च्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात धोनी धावचीत झाला ते दृश्य कोण विसरले? पण पहिले तीन फलंदाज प्रत्येकी एक धाव करून परतले होते, हे किती जण आठवणीने सांगतात?

कार्डिनल्सनाही पुढे याची चव चाखावी लागली. 2013 च्या वर्ल्ड सिरीजमधला चौथा सामना त्यांचाच नवखा खेळाडू कोल्टन वाँग पहिल्या बेसवर गाफील पकडला गेला तेव्हा संपला. बिचाऱ्याला अश्रू आवरेनात. रूथचे नशीब एवढेच की, पुढच्याच वर्षी त्याने साठ होम रन ठोकले आणि 1928 मध्ये यांकीजने याच कार्डिनल्सना सरळ चार सामन्यांत धूळ चारली.

शताब्दीच्या निमित्ताने त्या सामन्याचे धावपत्रक पुन्हा छापले जाईल. वाचकांनी ते शेवटच्या ओळीपासून नव्हे, पहिल्यापासून वाचावे. त्या दिवशी यांकीजने दोनच धावा केल्या. त्यातली पहिली रूथच्या होम रनची. इतर चार वेळा तो पिचरचे चेंडू सोडून पहिल्या बेसवर पोहोचला. फलंदाज म्हणून त्या सामन्यात त्याला एकदाही कोणी बाद करू शकले नाही.