थकलेल्या इमानाची जबाबदारी

मराठी भाषेने कुत्र्याला मोठ्या चमत्कारिक जागी बसवले आहे. इमानाचा विषय निघाला की पहिला दाखला त्याचा दिला जातो. आणि एखाद्याच्या दुर्दशेला सीमा उरली नाही की त्याचे हाल कुत्रा खाईना, असेही आपणच म्हणतो. ही विसंगती बोलण्यापुरती राहिली असती तर तिच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत ती रस्त्यावर उतरली आहे. पिलू असताना हौसेने घरात आणलेला कुत्रा आठ-दहा वर्षांनी डोळ्यांनी अधू झाला, जिना चढेनासा झाला, बसल्या जागी लघवी करू लागला, की त्याला दूरच्या रस्त्यावर किंवा एखाद्या संस्थेच्या फाटकाशी सोडून देणारी माणसे सुशिक्षित वस्त्यांतही आढळतात. अशा म्हाताऱ्या, व्याधिग्रस्त कुत्र्यांना उरलेल्या दिवसांपुरते घर देणारी काही कुटुंबेही याच शहरांत आहेत. प्रश्न असा आहे, की हे काम त्या मूठभर कुटुंबांच्या सहनशक्तीवर आणखी किती दिवस सोपवून ठेवायचे?

हे प्राणी येतात कोठून, ते आधी पाहिले पाहिजे. काही लॅब्रेडॉर, पॉमेरेनियन अशा जातिवंत कुत्र्यांपैकी असतात. २०२० च्या टाळेबंदीत घरबसल्या विरंगुळा म्हणून आणलेलेही त्यांत आहेत. काही पुनर्विकासाचे बळी आहेत. नौपाड्यात किंवा डोंबिवली पूर्वेला जुनी तीन मजली इमारत रिकामी होते, बिऱ्हाडे दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या जागी जातात, नवा घरमालक कुत्र्याला नकार देतो, आणि ज्या आवारात तो लहानाचा मोठा झाला तेथे पत्रे ठोकले जातात. तिसरा वर्ग रस्त्यावरच म्हातारा झालेल्या कुत्र्यांचा. दात पडले, पाय आखडले, की आपला टापू राखणे त्याला जमत नाही. तरुण कुत्रे त्याला हुसकावतात आणि वाहनांच्या वाटेतून तो वेळेवर बाजूला होऊ शकत नाही.

हा प्रश्न पूर्वीही होता. पण २०२५ साली त्याला नवे वळण मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी २२ ऑगस्टला निर्बीजीकरण व लसीकरण केलेले कुत्रे, रेबीजग्रस्त व आक्रमक वगळता, जेथून पकडले तेथेच सोडण्याचा आदेश दिला. नंतर ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्रे हलवावेत आणि पुन्हा तेथे सोडू नयेत, असे ठरले. लहान मुलांवरील हल्ले आणि रेबीजचे भय पाहता या चिंतेला आधार नाही, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. परंतु हलवायचे तर कोठे, याचे उत्तर महापालिकांनाच द्यावे लागणार आहे. निर्बीजीकरण केंद्राची रचना शस्त्रक्रियेपुरते काही दिवस प्राणी ठेवण्यासाठी असते. आयुष्यभराच्या वास्तव्यासाठी ती नसते. शिवाय अशा जागी एकदा गर्दी झाली, की तरुण व देखणे कुत्रे दत्तक जातात आणि मागे राहतात ते म्हातारे. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘हा द्या’ म्हणणारा क्वचितच भेटतो.

निवाऱ्यात काम करणारे लोक निर्दय असतात असे नव्हे; ठाण्यातील एसपीसीए किंवा डोंबिवलीत सुरू झालेली ‘पॉज’ यांसारख्या संस्था मर्यादित साधनांत जे करतात, ते उपेक्षणीय नाही. पण वृद्ध प्राण्याला जे हवे असते तेच निवारा देऊ शकत नाही. त्याला शांतता हवी, तर तेथे रात्रंदिवस भुंकणे चालू असते. त्याला मऊ अंथरूण हवे, तर खाली धुण्याच्या सोयीची फरशी असते. त्याची प्रतिकारशक्ती उतरलेली असते आणि शेजारी संसर्ग घेऊन आलेले प्राणी असतात. दिवसातून तीन वेळा औषध, भिजवलेले अन्न, कूस बदलणे ही कामे शंभर जनावरांमागे धावणाऱ्या चार माणसांकडून होणे अशक्यच. यासाठी घरच लागते. इंग्रजीत ज्याला ‘फॉस्टर’ म्हणतात त्या पद्धतीचे, म्हणजे मालकी व जबाबदारी संस्थेकडे ठेवून सांभाळ कुटुंबाने करण्याचे, महत्त्व येथे आहे.

परदेशात या पद्धतीला निश्चित आकार आला आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे २००७ साली शेरी फ्रँकलिन यांनी ‘मटव्हिल’ ही संस्था केवळ वयस्क कुत्र्यांसाठी काढली. अमेरिकेतीलच टेनेसी राज्यात २०१२ साली सुरू झालेल्या ‘ओल्ड फ्रेंड्स’ या संस्थेने पुढचे पाऊल टाकले. तेथे म्हातारा कुत्रा शेवटपर्यंत एका कुटुंबात राहतो, आणि उपचाराचा खर्च मात्र संस्था उचलते. यातला व्यवहार साधा आहे. वृद्ध जनावराला घरी न्यायला लोक कचरतात त्याची कारणे दोन: औषधपाण्याचा अनिश्चित खर्च आणि एकट्याने निर्णय घ्यावा लागण्याची धास्ती. हे दोन्ही भार काढून घेतले, की उरते ती जागा, वेळ आणि माया. आणि ती देणारी माणसे आपल्याकडेही कमी नाहीत.

तथापि या कामाचे गोड चित्र रंगवून कोणाला गळ घालणे अन्यायाचे होईल. मोठ्या जातीचा कुत्रा सात-आठ वर्षांतच वृद्ध होतो. लॅब्रेडॉरच्या खुब्यांचे सांधे झिजतात, आणि आपल्या नव्या घरांतील गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय फाकतात. तेथे तरट किंवा रबरी पट्ट्या अंथरणे हा औषधाइतकाच उपचार ठरतो. पॉमेरेनियनसारख्या लहान कुत्र्यांच्या हृदयाची झडप गळू लागते आणि रात्रीचा खोकला सुरू होतो. वेळेत निर्बीजीकरण न झालेल्या मादीला स्तनाच्या गाठी किंवा गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. मूत्रपिंडे मंदावलेल्या जनावराला घरीच कातडीखाली सलाईन द्यावे लागते. आपल्या दमट पावसाळ्यात गोचिडांचा ताप ठरलेला. मेंदू थकला, की तो मध्यरात्री भिंतीकडे तोंड करून भुंकतो आणि सकाळी आठच्या लोकलसाठी उठायचे असलेल्या शेजाऱ्याचा संयम सुटतो. कळवळून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेनची गोळी त्याला देणारे लोक तर नकळत विषच देत असतात. माणसांच्या या गोळ्या कुत्र्याच्या यकृतावर, मूत्रपिंडांवर घाला घालतात. म्हणून सांभाळ करणाऱ्याला सद्भावनेबरोबर थोडे शिक्षण आणि हाकेच्या अंतरावर पशुवैद्य मिळाला पाहिजे. परळच्या रुग्णालयाचा आधार मोठा खरा. पण ठाण्याची रिक्षा मुंबईच्या मूळ शहरात शिरत नाही, लोकलच्या गर्दीत आजारी कुत्रा नेता येत नाही, आणि टॅक्सीवाला त्याला पाहून काच वर करतो.

येथे एक आक्षेप हटकून घेतला जाईल. माणसांच्या म्हातारपणाची जेथे आबाळ होते, तेथे कुत्र्यांच्या वार्धक्याची चिंता हा सुखवस्तूंचा छंद नव्हे काय? आक्षेप पोकळ नाही. परंतु करुणा ही शिधापत्रिकेवर मोजून मिळणारी वस्तू नव्हे, की एकाला दिली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची संपावी. उलट आपल्या उपयोगाचा काळ संपलेल्या जिवाशी घर कसे वागते, हे त्या घरातली मुले पाहत असतात, आणि आजी-आजोबाही पाहत असतात. पाळीव जनावर निरुपयोगी झाले म्हणून टाकून देता येते, हा धडा एकदा गिरवला गेला, की त्याची व्याप्ती जनावरापुरतीच राहील, अशी खात्री कोण देणार?

दुसरा आक्षेप शेजाऱ्यांचा. ज्याला कुत्र्याची भीती वाटते, त्याला आपल्या जिन्यात निर्धास्तपणे वावरण्याचा हक्क आहे, आणि प्राणिमित्रांनी तो हसण्यावारी नेऊ नये. पण येथे गोष्ट रस्त्यावर कुत्रे वाढवण्याची नाही. रस्त्यावरचा किंवा रस्त्यावर येऊ घातलेला कुत्रा लस टोचून, निर्बीज करून, साखळीने बांधून घरात घेण्याची आहे. गृहनिर्माण संस्थांना सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. तरीही घोडबंदर रस्त्यावरच्या मनोऱ्यांत आणि डोंबिवलीच्या जुन्या सोसायट्यांत उद्वाहनावरून तंटे होतात. तळमजल्यावर राहणाऱ्याने सांभाळ पत्करावा, फिरवण्याच्या वेळा ठरवाव्यात, घाण स्वतः उचलावी, एवढे पथ्य पाळले तर निम्मे तंटे न्यायालयापर्यंत जाणार नाहीत.

या कामाला सामुदायिक रूप देणे आपल्या परंपरेला परके नाही. १८३२ च्या जून महिन्यात इंग्रजी अंमलदारांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा मुंबईत पारशांनी उठाव केला आणि शहराचे व्यवहार बंद पडले. त्यातून धडा घेऊन १८३४ साली सर जमशेटजी जिजीभॉय प्रभृतींनी पांजरापोळ स्थापन केली, आणि व्यापाऱ्यांनी आपल्या उलाढालीवर स्वेच्छेने कर बसवून ती चालवली. १८७४ साली प्राण्यांचा छळ रोखणारी संस्था मुंबईत उभी राहिली आणि पुढच्याच दशकात सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळचे रुग्णालय झाले. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि गहिवरतो. पण त्या व्यापाऱ्यांनी ओळखले ते असे, की गहिवर टिकवायचा तर त्यामागे वर्गणी, हिशेब आणि व्यवस्था लागते.

आज तशी व्यवस्था उभारण्यास अवाढव्य निधी लागणार नाही. ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांनी मान्यताप्राप्त संस्थांमार्फत सांभाळ करणाऱ्या घरांची नोंद ठेवावी. संस्था आणि कुटुंब यांच्यात लेखी करार असावा. औषधोपचार कोण देणार, कुटुंब गावी गेले तर पर्यायी घर कोणते, प्राणी जमेनासा झाला तर किती दिवसांत परत घेणार, हे त्यात नमूद असावे. प्रत्येक प्रभागात ठरावीक दराने तपासणारा एक पशुवैद्य आणि दोन्ही शहरांत मिळून आजारी प्राणी नेणारे एक-दोन वाहन, एवढे तरी हवे. अशा घरांना पाळीव कुत्र्याच्या परवान्याचे शुल्क माफ करावे. निवृत्त मंडळी या कामास योग्य ठरतील, कारण म्हाताऱ्या कुत्र्याला धावपळ नको, सोबत हवी. मात्र तीस किलोचे जनावर उचलण्याचा भार सत्तरीच्या गृहस्थावर टाकू नये. त्यांना लहान कुत्रा द्यावा आणि जड कामाला तरुण कार्यकर्ता.

करारात आणखी एक कलम असले पाहिजे, आणि त्याविषयी बोलायला सगळेच कचरतात. आजार हाताबाहेर गेला, वेदना औषधाला दाद देईना, तर शेवट कोणी ठरवायचा? रस्त्यावरील कुत्र्यांसंबंधीच्या २०२३ च्या नियमांतही असाध्य आजारी वा प्राणांतिक जखमी प्राण्याला पशुवैद्याकरवी वेदनारहित मरण देण्याची तरतूद आहे. घरातल्या जिवाबाबत हा निर्णय एकट्या गृहिणीच्या किंवा कॉलेजातल्या मुलाच्या माथी मारणे क्रूरपणाचे होय. पशुवैद्य, संस्था आणि कुटुंब या तिघांनी मिळून तो घ्यावा, आणि घेतल्यावर कोणी कोणाला दोष देऊ नये.

सोडून देणाऱ्यांचे काय? १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार, भुकेने वा तहानेने तळमळावे लागेल अशा स्थितीत प्राणी टाकून देणे गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. आजच्या भावात पन्नास रुपयांत धड एका वेळचे जेवणही येत नाही. दंड वाढायलाच हवा. त्याचबरोबर, ठेवणे खरोखर अशक्य झालेल्या माणसाला अंधारात गाडीचे दार उघडण्याऐवजी उजेडात संस्थेकडे येऊन ‘मला जमत नाही’ असे सांगता यावे, अशी खिडकीही उघडी असायला हवी.

एवढे करून हाती काय येणार? एका कुत्र्याला वर्ष-दीड वर्ष, कधी दोन-तीन महिनेच. हिशेबी माणसाला हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटेल. पण दहा वर्षे दाराशी राखण करणाऱ्याने तो हिशेब कधी मांडला नव्हता. त्याच्या इमानाचे गोडवे गाणाऱ्या समाजाकडे या जिवाचे जे थोडे येणे निघते, ते त्याच्या हयातीतच चुकते झाले पाहिजे.